गाळलेला ‘म्हणे’

अंधेरीतल्या एका स्टुडिओत व्हिडिओ कापायचं काम करणारी भाची शनिवारी मेट्रोनं घाटकोपरला येते, तिथून स्लो लोकल पकडते आणि मुलुंडला पाच रस्त्याजवळच्या मामांच्या घरी पोचेपर्यंत साडेसात वाजतात. मामी चहा टाकते, मामा गॅलरीतल्या दोन खुर्च्या समोरासमोर लावतात, आणि मग वाद सुरू होतो. विषय कुठलाही चालतो. मामांनी उभी नोकरी ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात काढली. ‘तिकडे’ त्यांचं काम काय होतं, हे मामीला निवृत्तीच्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं, त्यानंतरही कळलेलं नाही.

त्या शनिवारी भाची वैतागून आली होती. आठवडाभर चाळीस मिनिटांचा एकच व्हिडिओ तिच्या टाइमलाइनवर होता. अमेरिकी सैन्याची चोरटी अंतराळ मोहीम, कोसळलेल्या यानांचे सांगाडे, त्यांत सापडलेले परग्रहवासी, आणि हे सगळं सांगणारी ‘आतल्या गोटातली’ माणसं. मराठी सबटायटलं तिनंच लिहिली होती. चॅनेलवाल्याचा निरोप आला: ओळ लांब होतेय, ‘म्हणे’ काढून टाक.

“कुठला म्हणे?” मामांनी विचारलं.

तिनं फोन पुढे केला. पडद्यावर डेव्हिड ग्रुश. अमेरिकी हवाई दलाचा माजी गुप्तवार्ता अधिकारी, हेरगिरी उपग्रह चालवणाऱ्या कार्यालयातही काम केलेला. २६ जुलै २०२३ रोजी अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे त्यानं शपथेवर साक्ष दिली: कोसळलेली अज्ञात यानं गोळा करून त्यांची रचना उलगडण्याची मोहीम कित्येक दशकं चालू असल्याचं नोकरीत असताना मला सांगण्यात आलं, पण त्या मोहिमेत मला प्रवेश दिला गेला नाही. भाचीनं आधी लिहिलं होतं, ‘अशी मोहीम कित्येक दशकं चालू होती म्हणे.’ आता उरलं होतं, ‘अशी मोहीम कित्येक दशकं चालू होती.’

“दोन अक्षरं गेली,” मामा म्हणाले, “आणि साक्षीदारच बदलला की गं.”

भाषेपुरतं बोलायचं तर मामांचं म्हणणं सोळा आणे खरं. आपल्या बोलण्यात ‘म्हणे’ सहज येतो, त्याकडे लक्षही जात नाही. शेजारच्यांची मुलगी पुण्याला गेली, आणि शेजारच्यांची मुलगी पुण्याला गेली म्हणे; पहिल्या वाक्यात बोलणाऱ्यानं तिला बॅग घेऊन निघताना पाहिलंय, दुसऱ्यात त्यानं हात झटकलेत. अशी सोय हाताशी असताना मराठीत परग्रहवासीयांच्या बातम्या देणारे नेमका तोच शब्द आधी कापतात.

भाची मात्र इतक्यात हार मानणारी नव्हती. “मामा, तो काही नाक्यावरचा पानवाला नाही. चार वर्षांत चाळीसहून जास्त लोकांशी बोललाय. नावं बंद दाराआड द्यायला तयार आहे. खोटी शपथ घेतली तर तुरुंग आहे. एवढा धोका माणूस उगाच पत्करेल?”

“शपथ कशावर घेतली त्यानं? मला अमुक सांगण्यात आलं, यावर. ते खरं असेलही. त्याला कुणीतरी सांगितलंच असेल. त्यामुळे सांगणाऱ्याचं खरं ठरतं का?” मामांनी १८७२चा भारतीय पुरावा कायदा काढला. त्याच्या ६०व्या कलमाप्रमाणे पाहिल्याची साक्ष पाहणाऱ्यानंच द्यायची आणि ऐकल्याची ऐकणाऱ्यानं. जुलै २०२४पासून नवा कायदा आला, तरी तत्त्व तेच राहिलं. “अंधेरीच्या कोर्टात भाडेकरूचा दावासुद्धा ‘म्हणे’वर उभा राहत नाही. आणि तू त्यावर परग्रहावरची प्रेतं उभी करतेस.”

“मी नाही करत. चॅनेलवाला करतो,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “पण तुझी ही कोर्टाची पट्टी इथं लागू पडत नाही. जिथं कागदच दडपलेत, तिथं ऐकीव साक्षीशिवाय दुसरं काय मिळणार?”

हा मुद्दा वजनदार आहे, आणि मामांनाही तो तसाच वाटला असावा, कारण ते उठून आत चहाचं काय झालं ते बघून आले.

पुढची दहा मिनिटं भाचीची. व्हिडिओ कापता कापता तिनं बरंच वाचलं होतं. अमेरिकेचं हेरगिरी उपग्रहांचं अख्खं कार्यालय, नॅशनल रिकॉनिसन्स ऑफिस, १९६१ साली स्थापन झालं. ते अस्तित्वात आहे हे सरकारनं कबूल केलं १९९२मध्ये. एकतीस वर्षं! कोरोना नावाचे हेरगिरी उपग्रह १९६०पासून वरून फोटो काढत आणि फिल्मचे डबे पॅराशूटनं खाली सोडत. विमानं ते हवेतल्या हवेत झेलत. जगाला सांगितलं होतं की या ‘डिस्कव्हरर’ नावाच्या वैज्ञानिक मोहिमा आहेत. खरं बाहेर आलं १९९५ साली. रॉसवेलला १९४७मध्ये जे पडलं, ते साधा हवामानाचा फुगा असल्याचं लष्करानं सांगितलं. पुढे १९९४मध्ये हवाई दलानंच मान्य केलं की तो मोगल नावाच्या गुप्त मोहिमेचा असावा, सोव्हिएत अणुचाचण्यांचे आवाज टिपण्यासाठी सोडलेल्या फुग्यांपैकी. “म्हणजे खोटं बोलले होतेच ना? एकदा खोटं बोलले, दोनदा बोलले. तिसऱ्यांदा मी विश्वास का ठेवू?”

“ठेवू नकोस.”

“आणि चंद्रावर अणुबॉम्ब फोडायचा बेत? १९५८चा. ए-११९. तो कुणी सांगितला? आतल्याच माणसानं. लिओनार्ड रायफेल. २००० साली.”

“अगं, मग रायफेल आणि हा ग्रुश यांच्यात फरक काय ते तूच सांग.”

भाची गप्प बसली. फरक तिला ठाऊक होता. सबटायटल लिहिणाऱ्याला क्रियापदं विसरता येत नाहीत. रायफेल त्या अभ्यासाचा प्रमुख होता. आम्ही हे केलं, असं तो सांगत होता. त्याच्या हाताखाली तेव्हाचा तरुण कार्ल सेगन होता, आणि सेगननं १९५९मध्ये एका शिष्यवृत्तीच्या अर्जात या गुप्त कामाचा उल्लेख करून टाकला होता. सेगनच्या चरित्रकाराला तो सापडला, तोही रायफेल बोलायच्या आधी. दोन माणसं, दोन वाटा, एकच गोष्ट. शिवाय गोष्टही कशी? चंद्रावर स्फोट करून रशियाला घाबरवायचं. माणसाला शोभेल अशीच मूर्ख.

बाहेर आलेल्या गुपितांची ही तऱ्हा ध्यानात घेण्यासारखी आहे. फुगे, फिल्मचे डबे, पॅराशूट, शिष्यवृत्तीचा अर्ज. त्यांना भांडाराचा आणि हिशेबाच्या वहीचा वास येतो. याउलट हाइम एशेद यांची मुलाखत घ्या. इस्रायलच्या लष्करी अंतराळ कार्यक्रमाचं नेतृत्व त्यांनी जवळपास तीस वर्षं केलं, म्हणजे यापेक्षा आतला माणूस शोधूनही मिळणार नाही. डिसेंबर २०२०मध्ये त्यांनी एका इस्रायली वृत्तपत्राला सांगितलं की परग्रहवासीयांचा एक संघ आहे, त्यांचा अमेरिकेशी करार झालाय आणि मंगळाच्या पोटात दोघांचा मिळून तळ आहे. करार आहे तर मसुदा कुठे? तळ आहे तर त्याचं वीजबिल कोण भरतं? एशेद यांच्या आयुष्यभराच्या कामाबद्दल आदर ठेवूनही म्हणावं लागतं की त्यांनी हुद्दा दाखवला, दुसरं काही दाखवलं नाही.

हुद्द्याचं हे वेड आपल्याला परकं नाही. जानेवारी २०१५मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचं १०२वं अधिवेशन मुंबई विद्यापीठात, सांताक्रूझच्या कलिना संकुलात भरलं होतं. त्यात वैमानिक प्रशिक्षणात हयात घालवलेले कॅप्टन आनंद बोडस यांनी निबंध वाचला: वेदकाळी विमानं होती, ती एका देशातून दुसऱ्या देशातच काय, एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जात. आधार ‘वैमानिकशास्त्र’ या पोथीचा. त्या पोथीची चिकित्सा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४मध्येच केली होती आणि दोन निष्कर्ष काढले होते: ग्रंथ विसाव्या शतकातला आहे, आणि त्यातली विमानं उडणार नाहीत.

“बघ,” मामा म्हणाले, “कॅप्टन म्हटल्यावर सभागृहात लोक सरसावून बसले. तेच एखाद्या कीर्तनकारानं सांगितलं असतं तर बातमी झाली असती?”

“बोडसांकडे पोथी होती, मामा. यांच्याकडे रडार आहे, कॅमेरा आहे. आणि ग्रुशच्याच सुनावणीत डेव्हिड फ्रेव्हर बसला होता. तो ‘म्हणे’ म्हणत नाही. नोव्हेंबर २००४मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे लढाऊ विमान चालवताना त्यानं पांढरी, गोळीसारखी लांबट वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. पंख नाहीत, धूर नाही, आणि क्षणात पसार. आता बोल.”

मामांनी हे मान्य केलं, आणि मनापासून. फ्रेव्हरची साक्ष पाहणाऱ्याची आहे, तिचं समाधानकारक उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. “पण ओळख पटली नाही म्हणजे ओळख पटली नाही. बेवारस प्रेताचा पंचनामा करतात तेव्हा हवालदार ‘इसम अनोळखी’ लिहितो. ‘इसम मंगळावरचा’ असं नाही लिहीत.”

त्यांनी मग लडाखची हकीकत सांगितली. ती सगळ्या देशानं वाचली आणि देश ती लगेच विसरूनही गेला. २०१२च्या ऑगस्टपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत चीनच्या सीमेवरच्या आपल्या जवानांनी आकाशात चमकणाऱ्या वस्तू ३२९ वेळा नोंदवल्या. त्यांपैकी १५५ वेळा त्या वस्तू हद्द ओलांडून आल्याची नोंद आहे. चिनी ड्रोन असावेत, असा संशय. नोंदी करणारे काही हौशे-नवशे नव्हते, पहाऱ्यावरचे कसलेले सैनिक होते. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी वेळा, दिशा, उंची यांची सांगड घातली. एक वस्तू निघाली गुरू, दुसरी शुक्र. उंचावरच्या विरळ, स्वच्छ हवेत दोन्ही ग्रह इतके झळाळतात की ते डोंगरापलीकडून आल्यासारखे दिसतात.

मामी चहा ठेवता ठेवता म्हणाली, “म्हणजे शुक्रानं घुसखोरी केली तर.”

भाचीला हसू आलं, पण ती मुद्द्यावर परत आली. तिचा खरा बाण शिल्लक होता. “पेंटागॉननं मार्च २०२४मध्ये अहवाल काढला, की आम्ही सगळं तपासलं, परग्रहवासीयांचा पुरावा मिळाला नाही. ज्यांच्यावर आरोप त्यांनीच तपास केला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.”

लेखकाला विचाराल तर इथं भाची जिंकली. तो अहवाल वाचण्यासारखा आहे. ज्या गुप्त मोहिमांची नावं साक्षीदारांनी घेतली, त्यांतल्या काही खरोखर होत्या पण त्यांचा परग्रहाशी संबंध नव्हता. ‘कोना ब्लू’ नावाचा एक प्रस्ताव होता, तो मंजूरच झाला नाही. यानाचा तुकडा म्हणून दिलेला धातू पृथ्वीवरच बनवलेला मिश्रधातू निघाला. आणि मोजकी माणसं एकमेकांचं ऐकून एकमेकांना दुजोरा देत होती. हे सगळं पटण्याजोगं आहे. पण रॉसवेलच्या फुग्याबद्दल सत्तेचाळीस वर्षं अर्धंच सांगणाऱ्या खात्याचा अहवाल शेवटचा शब्द म्हणून कुणी पुढे केला, तर समोरच्याला हसायचा हक्क आहे. सीआयएच्याच अभ्यासात पुढे नोंदलं गेलं की पन्नास-साठच्या दशकांतल्या उडत्या तबकड्यांच्या निम्म्याहून अधिक बातम्या खरं तर त्यांच्या यू-२सारख्या गुप्त विमानांच्या होत्या. लोकांना जे दिसलं ते खरं होतं. सरकारला ते माहीत होतं. आणि सरकार गप्प राहिलं. बाकीची गोष्ट लोकांनी स्वतःच रचून घेतली.

“मग तपास करायचा कुणी?” भाचीनं विचारलं.

“ज्यांच्या हातात किल्ल्या नाहीत त्यांनी. गुढीपाडव्याची रात्र आठव.”

२ एप्रिल २०२२. संध्याकाळी पावणेआठ-आठच्या सुमाराला विदर्भ आणि खानदेशातल्या लोकांनी आकाशात जळत जाणाऱ्या रेघा पाहिल्या. फोन निघाले, व्हिडिओ फिरले. कुणी उल्का म्हणालं, कुणी क्षेपणास्त्र, कुणी आणखी काही. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं येऊन पडलं, दोन-तीन मीटर व्यासाचं, वजन चाळीस किलोच्या आसपास. जवळच पवनपार परिसरात धातूचा गोळा सापडला. गावकऱ्यांनी त्याला हात लावला, पोलिसांनी ते ठाण्यात नेलं, पुढे इस्रोनं अभ्यासासाठी घेतलं. पण इस्रोची गाडी यायच्या कितीतरी आधी अमेरिकेतल्या जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञानं नाव सांगून टाकलं होतं: फेब्रुवारी २०२१मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च ३-बी रॉकेटचा तिसरा टप्पा, अनुक्रमांक वाय-७७. गुप्त ठेवायला चीनला वेळच मिळाला नाही.

“कुठल्या सरकारनं सांगितलं हे?” मामांनी विचारलं. “कुणीच नाही. कक्षांचे आकडे सगळ्यांना मिळतात, ज्याला गणित येतं तो मांडतो. दुर्बिणी घेऊन गच्चीवर बसणारे हौशी लोक जगभर आहेत. अमेरिकेनं २०१०च्या एप्रिलमध्ये एक्स-३७-बी हे लष्करी यान सोडलं, कक्षा सांगितली नाही. महिन्याभरात हौशी निरीक्षकांनी ती शोधून काढली. आत काय आहे ते नाही कळलं, पण कुठं आहे ते कळलं. आपलंही बघ. जानेवारी २०१९मध्ये मायक्रोसॅट-आर सोडला, पृथ्वीचे फोटो काढणारा उपग्रह म्हणून. २७ मार्चला आपणच तो क्षेपणास्त्रानं फोडला. त्याचे तुकडे दुसऱ्या देशांच्या रडारनी मोजले, आपल्याला न विचारता. आता यात मंगळावर ये-जा करणारं अख्खं आरमार कुठं लपवशील?”

“तूच लपवलंस की आयुष्यभर,” भाची म्हणाली.

गॅलरीत क्षणभर शांतता. खाली रिक्षावाला आणि बसचा ड्रायव्हर एकमेकांची आई-बहीण काढत होते.

“१९९८ घे,” ती पुढे सरसावली. “११ मेला पोखरणला स्फोट झाले आणि सीआयएला पत्ता नव्हता. शास्त्रज्ञांनी लष्करी गणवेश घातले, नावं बदलली. कलाम मेजर जनरल पृथ्वीराज झाले. बॉम्ब कुठून गेले? इथून. या मुंबईतून. आम्ही तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण आई तर इथंच होती ना, घाटकोपरला. तिला कळलं? तुझ्या बायकोला कळलं?”

मामांनी कप खाली ठेवला. या विषयावर ते नेहमीच मोजकं बोलतात. “१ मेच्या पहाटे तीनच्या सुमाराला ट्रॉम्बेहून लष्कराचे चार ट्रक निघाले म्हणे. विमानतळावर गेले. तिथून हवाई दलाच्या एएन-३२ विमानानं जैसलमेरला, आणि पुढे रस्त्यानं पोखरण. एवढंच. छापून आलंय सगळं.” मग त्यांनी आकडा मोजला. १ मे ते ११ मे, दहा दिवस. अकराव्या दिवशी दुपारी जमीन हादरली आणि संध्याकाळी वाजपेयींनी स्वतः जगाला सांगितलं. त्याच्या जवळपास अडीच वर्षं आधी, १९९५च्या डिसेंबरात, तिथंच तयारी चालू असताना अमेरिकी उपग्रहांनी खड्डे आणि तारा टिपल्या होत्या आणि चाचणी थांबवावी लागली होती. त्यातून धडा घेऊन पुढे काम रात्री केलं, उपग्रह डोक्यावर नसेल ते पाहून. “बॉम्ब ट्रकमध्ये मावतो. रॉकेट मावत नाही. ते उडताना आग ओकतं आणि ती आग वरून दिसते. गुपित ठेवता येत नाही असं मी म्हणतच नाही. लहान ठेवता येतं आणि थोडे दिवस ठेवता येतं.”

“नॅशनल रिकॉनिसन्स ऑफिस लहान होतं? एकतीस वर्षं म्हणजे थोडे दिवस?”

“कार्यालय लपलं. उपग्रह नाही लपले. रशियाला ठाऊक होतं, आपल्या डोक्यावरून काय जातंय ते. सांगायचं नव्हतं ते अमेरिकेच्याच लोकांना.”

“म्हणजे तुझ्या मते परग्रहवासी नाहीतच?”

“असं कुठं म्हणालो?” मामा जरा दुखावल्यासारखे झाले. परग्रहवासी म्हटलं की त्यांना नारळीकर आठवतात, आणि नारळीकरांचा विषय निघाला की ते असे होतात. जयंत नारळीकरांनी मराठीत परग्रहवासीयांच्या कथा लिहिल्या, ‘प्रेषित’ कादंबरी लिहिली. पृथ्वीवरचे सूक्ष्मजीव अंतराळातून आले असावेत, हे फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांचं म्हणणं त्यांना गंभीरपणे तपासावंसं वाटलं. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंशोधन संस्थेचे संस्थापक संचालक. त्यांनी नुसतं ‘मला आतून कळलंय’ म्हटलं असतं तरी महाराष्ट्रानं मान डोलावली असती. त्यांनी काय केलं? फुगा सोडला. २००१ साली आणि पुन्हा २० एप्रिल २००५ रोजी, हैदराबादच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक केलेल्या नळकांड्यांत भरून आणली; ती गोठवून धरायला द्रवरूप निऑन वापरला. तपासणी एकाच ठिकाणी केली नाही, हैदराबादला आणि पुण्याला वेगवेगळी केली. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. तीन जिवाणू अगदी नवे निघाले. एकाला हॉइलचं नाव दिलं, एकाला इस्रोचं, एकाला आर्यभटाचं.

“आणि?” भाचीनं विचारलं. हे तिच्या व्हिडिओत नव्हतं.

“आणि २००९मध्ये निकाल जाहीर करताना सांगितलं की हे जीव पृथ्वीबाहेरून आले, असं यातून निश्चित सिद्ध होत नाही. ज्याला सिद्ध व्हावं असं मनापासून वाटत होतं, त्या गटानं हे छापलं. शेवटपर्यंत नारळीकरांनी त्या कल्पनेचा पिच्छा सोडला नाही, पण पुराव्याहून एक पाऊल पुढे टाकलं नाही.” २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा मामांनी त्यांचं वर्तमानपत्रातलं छायाचित्र कापून डायरीत ठेवलं. ते अजून तिथंच आहे.

भाचीनं लॅपटॉप उघडला. चॅनेलवाल्याला रात्री दहापर्यंत फाइल हवी होती. ग्रुशच्या वाक्यापाशी ती आली, ‘कित्येक दशकं’च्या जागी ‘वर्षानुवर्षं’ टाकून पाहिलं, अक्षराचा आकार एका पॉइंटनं कमी केला. ‘म्हणे’ दुसऱ्या ओळीच्या टोकाला कसाबसा बसला. चॅनेलवाला तो ठेवेल की नाही, याची तिला खात्री नव्हती.

लॅपटॉप मिटता मिटता तिच्या काहीतरी लक्षात आलं. “मामा, ट्रकची गोष्ट सांगताना तूही ‘म्हणे’ म्हणालास. चार ट्रक निघाले म्हणे. मग तू तिथं होतास की नव्हतास?”

मामा कपबशा उचलून आत निघाले होते. दारात थांबून म्हणाले, “१ मे म्हणजे महाराष्ट्र दिन. शुक्रवार होता. सुट्टी होती.”